विटांचे तुकडे कुठे गेले?

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्लॅब भरायचा होता, आणि साइटवर विटांचा एकही तुकडा दिसत नव्हता.

बांधकाम चालू असलं की कोपऱ्यात फुटक्या विटांचा ढीग असतोच. फरीदाबादच्या त्या शाळेच्या साइटवर मात्र झाडून काढल्यासारखी स्वच्छता होती. सुपरवायझर राकेश कौतुकाची वाट पाहत उभा होता. शाळेचं डिझाइन आमच्या आर्किटेक्ट ऑफिसचं होतं आणि साइट माझ्याकडे होती. मी फार बोलत नाही. दोन नंबरच्या वर्गात गेले. तिथे पश्चिमेच्या भिंतीत इलेक्ट्रिशियनने स्विचबोर्डसाठी चौकोनी भोक पाडलं होतं. मोबाइलचा टॉर्च आत धरला. सगळे तुकडे तिथे होते. सिमेंटच्या मसाल्यात नीट ठोकून बसवलेले.

ही भिंत आतून रिकामी असायला हवी होती. नेहमी विटा आडव्या ठेवतात. आम्ही त्या कडेवर उभ्या ठेवून दोन पडदे बांधतो आणि मध्ये पोकळी सोडतो. या पद्धतीला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. पोकळीतल्या हवेमुळे बाहेरचं ऊन आत यायला वेळ लागतो. विटाही कमी लागतात. पोकळी भरली की ती साधी जाड भिंत होते. पडत नाही, फक्त तापते.

आणि इथे तापण्याचाच प्रश्न होता. शाळा कारखान्यांमागच्या वस्तीसाठी होती. जुनी शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची आणि उन्हाळ्यात अकरा वाजता सुटायची. मग आया कामावर आणि मुलं रस्त्यावर. डिझाइन दाखवायला वस्तीत मीटिंग घेतली, तेव्हा मी वाचनकोपरा, मुलांच्या उंचीच्या खिडक्या, संध्याकाळी वस्तीसाठी उघडं राहणारं अंगण, असं सगळं स्लाइडवर आणलं होतं. पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या सुनीताने एकच विचारलं, "दोपहर में बैठ पाएँगे बच्चे?" मी म्हटलं, "हाँ." त्या मीटिंगमध्ये स्लाइड सोडून मी बोलले ते तेवढंच.

मी फोन काढून राकेशचे जुने मेसेज पाहिले. अकरा दिवसांपूर्वी त्याने अर्ध्या बांधलेल्या भिंतीचा फोटो पाठवला होता. खाली, "ठीक है मैडम?" मी मेट्रोत होते. अंगठा पाठवला होता. आता फोटो मोठा करून पाहिला. पोकळीत मसाला स्पष्ट दिसत होता.

राकेशने माझ्या फोनकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे. त्याला आठवत होतं.

तेवढ्यात कॉन्ट्रॅक्टर चावलाजी आले. मी त्यांना भोक दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि ते हसले. "मैडम जी, दीवार और मज़बूत हो गई. लोग तो कम माल की शिकायत करते हैं." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. उद्या वर स्लॅब आला की भोकावर स्विचबोर्ड बसणार होता. कुणालाही काही कळलं नसतं. फार तर उन्हाळ्यात मुलं म्हणाली असती की नवी शाळाही गरम होते.

तीन नंबरच्या वर्गात आणि शाळेच्या ऑफिसातही स्विचबोर्डच्या भोकातून तेच दिसलं. मी गेटबाहेर जाऊन सरांना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन केला. दोनदा रिंग वाजताच मीच कट केला. तिसऱ्यांदा मात्र मी बोलले.

"सर, दोन, तीन आणि ऑफिसची भिंत भरली गेलीय. फोटोला ओके मी दिलं होतं."

त्यांनी विचारलं, तू ओके दिल्याचं दुसऱ्या कुणाला माहीत आहे का. राकेशला, मी म्हटलं. ते म्हणाले, "स्लॅब थांबव. चावलाला तू सांग. मिस्त्रीलाही तूच."

मिस्त्री म्हणजे रहमतचाचा. बंगालमधल्या मालदाचे, साठीचे. एक नंबरचा वर्ग आमच्या ट्रेनिंगच्या टीमने बांधून दाखवला होता, पुढचे त्यांनी बांधले. मी विचारलं, पोकळी का भरली. ते मलाच समजावू लागले.

"बच्चों का स्कूल है, बेटा. अंदर से खोखली दीवार कैसे दे दूँ? किसी ने बोला भी नहीं. हमने अपनी तरफ़ से भर दी."

ड्रॉइंगमध्ये लिहिलं होतं, पोकळी रिकामी ठेवा. इंग्रजीत, बारीक अक्षरांत. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला "अंदर खाली?" असं विचारलंही होतं. "ड्रॉइंग में है," असं म्हणून मी पुढे गेले होते.

दुपारचे चार वाजले होते. एप्रिलचं ऊन पश्चिमेच्या भिंतींवर तिरकं येत होतं. मला भाषण जमत नाही. मी त्यांना एक नंबरच्या वर्गात नेलं आणि आतून भिंतीला हात लावायला सांगितलं. मग दोन नंबरच्या. ते पुन्हा एक नंबरमध्ये गेले, या वेळी एकटेच. चावलाजी घड्याळ बघत होते.

बाहेर आल्यावर रहमतचाचा म्हणाले, "पहले बता देतीं."

"हाँ, बताना चाहिए था," मी म्हटलं.

त्यांनी पोरांना हाक मारली, स्लॅबसाठी बांधलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या खाली उतरवायला.

दोन वर्गांच्या भिंती उतरवून पुन्हा बांधल्या. चावलाजी महिनाभर माझ्याशी फक्त राकेशमार्फत बोलले. शाळा जुलैच्या सुरुवातीऐवजी तीन आठवडे उशिरा उघडली, हे मला सुनीताला जाऊन सांगावं लागलं. ती म्हणाली, "मतलब तीन हफ़्ते और टिन में."

पुढच्या मे महिन्यात मी दुपारी एक वाजता तिथे गेले. पंखे चालू होते, खिडक्यांवर ओले पडदे होते आणि तिसरीचा वर्ग पाढे म्हणत होता. ऑफिसची भिंत मात्र वेळेअभावी आम्ही तशीच ठेवली होती. मुख्याध्यापिका तिथे बसतात. दरवर्षी उन्हाळ्यात त्यांचं कूलरसाठीचं पत्र येतं. सर ते न वाचता माझ्या टेबलावर ठेवतात.

फोटोला मी आता अंगठा पाठवत नाही. साइटवर जाते आणि ड्रॉइंग मिस्त्रींच्या हातात देऊन म्हणते, हे मला समजावून सांगा.