निवडलेली काडतुसं

माझी बायको सुलेखा फ्रँकफर्टच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा तिला पगार मिळतो. घरी हेच काम ती फुकट करते. वय चौपन्न, उंची जेमतेम पाच फूट, आणि दर मंगळवारी संध्याकाळी ती डार्मश्टाटजवळच्या आमच्या गावातल्या नेमबाजांच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, रायफल चालवते. हे ऐकलं की पुण्याहून आलेले पाहुणे माझ्याकडे काळजीने बघतात.

काळजीचं काही नाही. पन्नास मीटरवर एक कागद असतो, त्यावर काळा गोल. पोटावर झोपून त्याच्या मधोमध भोक पाडायचं. शेजारी कुणी उभं राहून बोललेलं तिला चालत नाही, म्हणून मी बाहेर बसून बटाट्याचं सॅलड खातो.

कोल्हापूरला कॉलेजात ती एनसीसीत होती. तिथे सरावाला पाच काडतुसं मिळत. त्या पाचांत तिने इतकं नेमकं मारलं की स्पर्धेच्या यादीत तिचं नाव लागलं. आदल्या दिवशी काडतुसं कमी आली. सरांनी होती ती मुलांना दिली, मुलींची नावं खोडली आणि म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी कुणी काही बघितलं नाही. ही गोष्ट तिने मला लग्नानंतर सव्वीस वर्षांनी, बटाटे सोलताना सांगितली. मला त्या सरांचा असा राग आला की समोरचा चहा तसाच टाकून मी उठलो.

त्यानंतर ती फेराइनमध्ये गेली. चार वर्षं सराव केला, परीक्षा दिली, परवाना मिळवला आणि अखेर गावाच्या संघात चौथी म्हणून तिची निवड झाली. आयुष्यातली पहिली स्पर्धा. आणि नेमकं तेव्हाच, तिकडे युक्रेनचं युद्ध पेटल्यावर, काडतुसांचा सगळीकडे दुष्काळ पडला.

फेराइनचा अध्यक्ष हेल्मुट हा निवृत्त पोस्टमन. माणूस भला. सांगताना तो सुलेखाकडे न बघता आपल्या बुटांकडे बघत होता. संघात चौघं मारतात, पण गुण तिघांचेच धरतात. सगळ्यात कमी असतील ते निकालाच्या कागदावर कंसात जातात. चांगली काडतुसं तिघांपुरतीच उरली होती. तेव्हा चौथी जागा रिकामी ठेवायची असं ठरलं होतं.

"पुढच्या वर्षी नक्की, सुलेखा," तो म्हणाला.

मी सॅलडची बशी खाली ठेवली. सुलेखाने मात्र शांतपणे विचारलं, "आल्झो, म्हणजे माझी मी आणली तर?"

"हो, मग काय प्रश्नच नाही. पण आणशील कुठून?"

तीन शनिवार आम्ही गाडी घेऊन फिरलो. परवाना तिचा, त्यामुळे मी नुसता ड्रायव्हर. कुठे फडताळं रिकामी, कुठे एका गिऱ्हाइकाला एकच डबी, आणि स्पर्धेच्या काडतुसांची किंमत ऐकून तर मी दुकानाबाहेरच थांबायला लागलो. तिसऱ्या शनिवारी कायझर्सलाउटर्नच्या अलीकडे एका म्हाताऱ्याच्या दुकानात सरावाची पाचशे काडतुसं मिळाली, तीही जुन्या भावात.

"रिकामे डबे उडवायला ठीक आहेत, स्पर्धेत वापरू नका," त्याने बजावलं. "एक हलकं, एक जड. एक गोळी वर जाते, दुसरी खाली."

"सगळीच वाईट आहेत, की चांगली-वाईट मिसळलेली आहेत?" सुलेखाने विचारलं.

म्हाताऱ्याने जरा विचार केला. "गेनाऊ, अगदी बरोबर. मिसळलेली."

तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली.

घरी आल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर स्टीलचं मोठं ताट घेतलं, शेजारी सात वाट्या मांडल्या आणि केशर मोजायचा छोटा काटा ठेवला. तांदूळ निवडावेत तशी ती काडतुसं निवडायला बसली. एकेक उचलायचं, कड नखाने चाचपायची, काट्यावर ठेवायचं आणि वजनाप्रमाणे वाटीत टाकायचं. मला हात लावायला कायद्याने बंदी. निवडण्याच्या कामातून आयुष्यात पहिल्यांदा मी कायदेशीररीत्या सुटलो होतो, तरी समोरून उठवेना. रविवारी दुपारपर्यंत मधल्या वाटीत एकाच वजनाची एकशे चाळीस जमली. त्यातली शंभर तिने सरावात मारली. कागदावरची भोकं एकमेकांना चिकटून पडलेली बघून हेल्मुटने चष्मा पुसला.

स्पर्धा शेजारच्या गावाशी होती. प्रत्येकाला तीस गोळ्या. मी बाहेर बसलो होतो, पण त्या दिवशी सॅलड घेतलंच नाही. तासाभराने ती बाहेर आली. केस विस्कटलेले, कोपरं लाल, आणि चेहरा मात्र वीस वर्षांनी लहान झालेला.

आमचा संघ जिंकला. हेल्मुटने सगळ्यांना बिअर पाजली आणि पुढच्या मंगळवारी ताट-वाट्या घेऊन ये, आम्हा सगळ्यांना निवडायला शिकव, असं तिला सांगितलं. मग त्याने फलकावर निकालाचा कागद लावला. पहिले तिघं दोनशे अठ्ठ्याऐंशी, दोनशे पंच्याऐंशी, दोनशे एक्याऐंशी. चौथी सुलेखा, दोनशे एकोणऐंशी. कंसात.

माझं डोकंच फिरलं. दोन गुणांसाठी एवढी मेहनत कंसात? मी हेल्मुटला गाठायला निघालो, तर तिने माझी बाही धरली.

"अहो, थांबा ना," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिने कागदावर बोट ठेवलं, गुणांवर नाही, नावावर. "तेव्हा हे खोडलं होतं."