फिल्टरची दुसरी रिंग

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही—हाही भित्रेपणाच, नाही का?

माझ्याकडे एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोन दारांची, लाल, इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून आमची सोसायटी. पार्किंगमध्ये मी गाडीखाली आडवा दिसलो की तळमजल्यावरचे शहाभाई हमखास चिडवायचे, "क्या भाई, फिर सो गये?" मला ते आवडायचं. ऑइल आणि फिल्टर मी स्वतः बदलतो, गॅरेजवाल्याला हात लावू देत नाही—लिफ्टमध्ये भेटेल त्याला मी हे ऐकवायचो.

स्वतः म्हणजे—पास्कल अंकल शेजारी असताना.

अंकल उत्तनचे. आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, सत्तरीला आलेला. मला सगळं त्यांनीच शिकवलं. जॅक आत शिरत नाही, म्हणून आधी पुढची चाकं फळ्यांवर चढवायची. इंजिन थोडं गरम करून मग ऑइल काढायचं. आणि जुना फिल्टर काढला की उलटा करून बघायचं, त्याच्या तोंडावरची रबरी रिंग सोबत आली का. नसेल आली, तर ती इंजिनालाच चिकटलेली असते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा एकमेकींवर येतात, आणि कधी ना कधी ऑइल बाहेर फेकलं जातं. "जुनी रिंग हातान घे, मंगच नवा लाव." दर वेळी सांगायचे. दर वेळी! मी हसायचो.

चार वर्षांपूर्वीचा रविवार. अंकलनी जुना फिल्टर सोडवून बादलीत ठेवला आणि त्यांच्या मुलीचा फोन आला. आत नीट ऐकू येईना, म्हणून ते गेटबाहेर गेले. थांबायला काय झालं होतं मला? पाच-दहा मिनिटांचा प्रश्न होता. पण नाही—मी नवा फिल्टर उचलला आणि बसवून टाकला. जुना उलटा करून बघितला नाही. अंकल परत आले, ऑइल भरलं, चहा घेतला, गेले.

तिसऱ्या दिवशी घोडबंदर रोडला, चेण्याजवळ, समोर डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. जुन्या गाडीत दिवे लागायचेच, म्हणून मी तशीच दामटली. मग आतून खडखड, आणि इंजिन जाम.

गाडी टो करून आणली. अंकल लगेच आले, खाली शिरले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, तेव्हा त्यांच्या तळहातावर दोन काळ्या रिंगा होत्या. बायको उभी होती, शहाभाई उभे होते. अंकलनी मला विचारलं, "फिल्टर कोनी लावला?"

त्यात आरोप नव्हता. ते खरंच आठवून बघत होते.

मी म्हणालो, "तुम्हीच ना, अंकल. फोनवर बोलून आल्यावर."

फोनचं मी मुद्दाम जोडलं. खोटं घट्ट बसावं म्हणून. त्यांनी त्या रिंगा बोटाने उलटून पाहिल्या. "मना याद न्हाय," म्हणाले. आणि मग—"सॉरी रे." त्यांनी माझी माफी मागितली! आणि मी? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "जाऊ द्या अंकल, वय झालं की होतं असं." मोठ्या मनाने म्हणालो. या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

गाडी दुसरीकडे दुरुस्त झाली. अंकलनी मात्र काम घेणं बंद केलं.

नाताळला त्यांच्या घरी गेलो, तर स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहिलेलं—गॅस, नळ, कुलूप—आणि पुढे बरोबरच्या खुणा. आपलाच हात आपल्याला फसवतो, असं त्यांनी धरलं होतं. गप्पांत मात्र स्वतःहून म्हणाले, तुझ्या गाडीला फिल्टरसकट साडेचार लिटर लागतं, आणि खालच्या बोल्टचा वॉशर तांब्याचाच घे. सगळं बरोबर. काहीही विसरलेले नव्हते ते.

निघताना त्यांनी फिल्टर सोडवायचा आपला पाना मला दिला. "माझ्या हाताचा भरोसा न्हाय आता." एक वाक्य बोलायचं होतं मला. मी "थँक यू" म्हणालो आणि पाना घेतला. मुलगी गेटपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "तुमच्या गाडीवरून वेळेत कलला, बरा झाला. स्कूटरची चावी मीच काढून घेतली त्यांची." मी मान डोलावली.

परवाच पुन्हा ऑइल बदललं, त्यांच्याच पान्याने. जुना फिल्टर उलटा केला, रिंग होती. तरी इंजिनावर बोट फिरवलं. दोनदा.

अंकल अजून आहेत. घराबाहेर पडताना कुलूप लावतात, ओढून बघतात, आणि तरीही मुलीला विचारतात, लावलं ना मी?

फिल्टर मी बसवला होता.