मालिनीने न सांगितलेले पाच शब्द

मालिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच हार्ड डिस्कसमोर बसले होते. मुलुंडला, आमच्या जेवणाच्या टेबलाशी, भर दुपारी. लॅपटॉपच्या पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट होती आणि शेजारी वही, तिच्यात मालिनीने हॉस्पिटलात उच्चारलेले शब्द एकाखाली एक लिहिलेले. तिचा भाऊ सुधीर म्हणाला, "वैशालीताई, गेली ती... आत्ताच." मी "आले" म्हणून फोन ठेवला. आणि उठायच्या आधी आणखी एकदा पाच शब्द टाकून बघितले. याला आता सात आठवडे झाले. हे आधी सांगून टाकल्याशिवाय मला तिच्याबद्दल दुसरं काही लिहिताच येत नाहीये.

आम्ही एकाच इमारतीत वाढलो. तिचे वडील मालवणहून येऊन गिरणीत लागलेले. गिरणी बंद झाल्यावर ते वॉचमनकी करायचे आणि मालिनी माझ्या जुन्या पुस्तकांवर शिकायची. पुढे मी घाटकोपरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागले आणि ती घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत समुपदेशक झाली. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, एवढीच ती संस्था. समुपदेशक म्हटल्यावर जे हळुवार बोलणं डोळ्यांसमोर येतं, त्यातलं मालिनीकडे काही नव्हतं. "रडून झालं? मग आता सांग, कुठल्या दिवशी मारलं? सण होता का काही? आठव." असं विचारायची. बाया आधी दचकायच्या, मग आठवायच्या. ती सगळं टिपून घ्यायची, जखमांचे फोटो काढायची, बोलणं रेकॉर्ड करायची. कोर्टात रडणं चालत नाही, तारीख चालते, हे ती अनुभवाने शिकली होती.

तेव्हा हे सगळं रजिस्टरात असायचं. एकदा सविता नावाच्या बाईचा नवरा तिचा भाऊ म्हणून खोलीवर आला. मालिनी त्याच्यासाठी चहा सांगायला जिन्यापर्यंत गेली आणि तेवढ्यात त्याने टेबलावरचं रजिस्टर उलटून जोगेश्वरीचा पत्ता वाचला. दुसऱ्या दिवशी त्याने सविताला तिच्या मावशीच्या दारातून ओढून काढलं. सविताचा एक कान कायमचा गेला. त्या आठवड्यात मालिनी माझ्याकडे आली, सोफ्यावर बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "मला असं कुलूप शिकव, जे माझ्या मूर्खपणानेपण उघडणार नाही."

मी शिकवलं. पाठ्यपुस्तकात त्याला कूटलेखन म्हणतात. मी तिला सांगितलं की डिस्कवरचं एकेक अक्षर, एकेक फोटो असा विस्कटून ठेवला जातो की पासवर्ड नसेल तर तिथे नुसता कचरा दिसतो. चोराला, पोलिसाला, डिस्क बनवणाऱ्या कंपनीला, मलासुद्धा. पासवर्ड म्हणून एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच शब्द घ्यायचे आणि ते कुठेही लिहायचे नाहीत.

"आणि मी विसरले तर?"

"तर गेलं सगळं. म्हणून एका पाकिटात घालून कुणा विश्वासाच्या माणसाकडे ठेव. माझ्याकडे ठेव."

"तुझ्याकडे नको," ती पटकन म्हणाली. "तू चांगली आहेस गं. चांगली माणसं लगेच सांगून टाकतात."

मला ते लागलं. कितीतरी दिवस मी तिच्याशी तुटक बोलत होते. तिने शब्द निवडले, तेव्हा मला पाठ फिरवून बसायला लावलं. कीबोर्डचा आवाज तेवढा मी ऐकला.

आणि मग एका सकाळी घरात चहा गाळताना ती पडली. मेंदूत रक्तस्राव. अकरा दिवस हॉस्पिटलात होती, उजवी बाजू गेलेली, आणि वाचा... वाचा होती, पण शब्द भलतेच यायचे. चमचा दाखवला तर "जिना" म्हणायची. सुधीरला "आई" म्हणायची. नेमकी चार आठवड्यांवर रेश्माची कोर्टाची तारीख होती. रेश्माला सात वर्षांची मुलगी, ती कुणाकडे राहणार याची केस. नवऱ्याने रेश्माचा फोन फोडलेला, त्यामुळे पाठीवरच्या वळांचे फोटो, त्याच्या धमक्या, सगळं फक्त मालिनीच्या डिस्कमध्ये. संस्थेतल्या बाकीच्या दोघींनाही पासवर्ड माहीत नव्हता, म्हणून त्यांनी डिस्क माझ्याकडे आणून दिली. रेश्मा हॉस्पिटलच्या खाली बाकड्यावर बसून राहायची. वर येऊन विचारायची तिची हिंमत नव्हती. म्हणून मी विचारलं.

रोज भेटीच्या वेळेत मी वही घेऊन जायचे. "मालू, पाच शब्द. पहिला सांग." ती माझ्याकडे बघायची, ओठ हलवायची. "चिंच..." मी लिहायचे. "घराक... घराक..." मालवणीतलं 'घरी'. मी तेही लिहायचे. अक्षरांचा तक्ता करून नेला, तर तिने डाव्या हाताने तो बाजूला सारला. जमत नव्हतं म्हणून की सांगायचं नव्हतं म्हणून, हे मला आजही कळलेलं नाही. नवव्या दिवशी ती "पाणी" म्हणाली. स्पष्ट, दोनदा. मी ते वहीत लिहिलं आणि "हं, पुढचा?" म्हणाले. मागे सुधीरची बायको उभी होती. तिने मला हाताने बाजूला केलं. "अहो ताई, तहान लागलीये तिला. तुम्ही लिहून काय घेताय?" तिने कापूस भिजवून मालिनीच्या ओठांना लावला. मालिनीने डोळे मिटून घेतले. मी वही पर्समध्ये टाकली... फेकली नाही. घरी येऊन "पाणी" चार ठिकाणी घालून बघितलं.

ती गेल्यावरही मी थांबले नाही. सगळे शब्द, सगळे क्रम. तिच्या दहाव्यानंतर दोन दिवसांनी दाराची बेल वाजली. साधासा माणूस, इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, "मी रेश्माचा नवरा. संस्थेत कळलं, डिस्क तुमच्याकडे आहे. चुकलो मी, ताई. कोर्टात काय व्हायचं ते होऊ दे. पोरीला बघून पाच महिने झाले. ती कुठे राहते एवढंच सांगा." त्याने मोबाईलवर मुलीचा फोटो दाखवला, समोरचा दात पडलेला. तो रडत होता आणि मलाही भरून आलं. मी म्हणाले, "सगळं त्या डिस्कमध्येच आहे. उघडली की बघू."

उघडली की बघू. मी म्हणाले असं. तो आभार मानून खाली उतरला आणि दार लावताना माझ्या लक्षात आलं. डिस्क उघडलेली असती तर मी त्याला आत बसवून पत्ता लिहून दिला असता. आणि त्या डिस्कमध्ये रेश्मा एकटी नव्हती. पळून आलेल्या कितीतरी बायकांचे पत्ते तिच्यात होते.

मी लॅपटॉप मिटला, तो मिटलाच. रेश्माला फोन करून सगळं सांगितलं.  मग ती म्हणाली, "मालिनीताईंनी माझा नवा पत्तापण त्यातच ठेवलेला ना? मग राहू दे बंद." तिने त्याच दिवशी जागा बदलली.

तारखेला दाखवायला काही नव्हतं. वकीलबाई बोलल्या, पण कागद नाहीत, फोटो नाहीत, कोर्ट तरी काय करणार? मुलीने तूर्त शनिवार-रविवार वडिलांकडे जायचं. पहिल्या रविवारी ती परत आली ती एकही शब्द न बोलता. रेश्माने तिचे कपडे काढून अंग तपासलं. अंगावर काही नव्हतं. पण मुलगी अजून धड बोलत नाही. हे ज्या कुलपामुळे झालं ते मीच शिकवलं, आणि त्याच कुलपाने मला त्या माणसापासून वाचवलं. या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या, मला समजत नाही. मालिनीला विचारलं असतं, तर "तुझं रडून झालं का?" म्हणाली असती.

मागच्या गुरुवारी मी झेरॉक्सवरच्या त्या खोलीत गेले. पुढची तारीख जवळ आली आहे, रेश्माचा जबाब पुन्हा घ्यायचा होता, आणि घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. मी रेकॉर्डर चालू केला आणि आता कसं विचारायचं ते सुचेना. रेश्मा उठली, भिंतीजवळ जाऊन तिने पंखा बंद केला. मी बघतच राहिले. "मालिनीताई बंद करायच्या," ती म्हणाली, "त्याच्या आवाजात बोलणं नीट रेकॉर्ड होत नाही म्हणून. मग दोघी घामाने भिजायचो."

पंखा फिरत फिरत थांबला. मग तिने एकदा सांगून झालेलं ते सगळं पहिल्या दिवसापासून परत सांगायला सुरुवात केली.