पोटावरची उघडी जागा

कापलेल्या घासाचा ओला वास आला की मला लोणी गावातला आमचा सशांचा पिंजरा आठवतो. मटणासाठी आणि कातड्यांसाठी ससे पाळायला मी नुकतीच सुरुवात केली होती. एका सकाळी एका मादीच्या पोटावरचे केस गेलेले दिसले. वडिलांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. ते बघताच म्हणाले, "खरूज हाय ही. बाकीच्यांना लागायच्या आत काप." मी कापली, कातडं मीठ लावून फळीवर ताणलं. दुपारी पिंजरा धुवायला घेतला, तर कोपऱ्यातल्या खोक्यात केसांचा ढीग हलत होता. आत डोळेही न उघडलेली पाच पिल्लं होती. त्यांच्यासाठीच तिनं स्वतःच्या पोटावरचे केस उपटून अंथरले होते. वडिलांनी मीठ झटकून ते कातडं जमिनीवर पसरलं आणि ऊब मिळावी म्हणून पिल्लं त्यावर ठेवली. ती सरपटत बरोबर त्या उघड्या जागेवर गेली आणि सड शोधू लागली. "यापुढं जनावराचं मला काय इचारू नगंस," एवढंच वडील म्हणाले. शेळीचं दूध कापसानं पाजूनही तिसऱ्या दिवशी एकही पिल्लू उरलं नाही. आता वडीलही नाहीत. कातडं पेटीत आहे, पण त्या उघड्या जागेवर बोट ठेवायचा धीर मला अजून होत नाही.