भांबुर्ड्याचा वास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला घरात कुणी नाही, हे एक. पण तेवढंच कारण कशाला देऊ? फोन आहे, शेजारी आहेत, इथे रोह्याजवळ वरश्याला आमच्या बिल्डिंगखाली संध्याकाळी बायका बाकावर बसतात आणि मी जाऊन बसले तर सरकून जागाही देतात. तरी नाही सांगितलं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही कदाचित माझं लिहिलेलं वाचलं असेल. त्यावर विश्वास ठेवून एखादा सिनेमा पाहिला असेल, कुठे जेवायला गेला असाल. गेला असाल तर — असो. ओळीनेच सांगते.

पेणहून निघणाऱ्या एका लहानशा साप्ताहिकात मी सदर लिहायचे. 'नुकतंच आवडलं' असं त्याचं नाव. एखादा सिनेमा, एखादी कादंबरी, एखादं हॉटेल. रोह्याला कंपनीत मी अकाउंट्सला होते. रिटायर झाले त्याच वर्षी आई गेली, आणि लग्नाच्या भानगडीत मी कधी पडले नव्हते. आईला घराबाहेरचं काही चालायचं नाही, त्यामुळे इतकी वर्षं मीही कुठे गेले नव्हते. आता जायला मोकळी होते. संपादक ओळखीतले. ते म्हणाले, तुम्ही बोलता मजेशीर, तसंच लिहा. मला वाटलं, चला, निदान घराबाहेर तरी पडेन.

आणि पडायचे, बरं का. खोटं ते नव्हतं. साडी बदलून, पावडर लावून पडायचे. पण थिएटरात मध्यंतर झालं की काय होतं, तुमच्या कधी लक्षात आलंय? दिवे लागतात आणि प्रत्येक माणूस शेजारच्याकडे वळतो. काहीतरी बोलायचंच असतं. मी कुणाकडे वळणार? डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला माझीच पर्स. दोन-तीनदा मी पर्समध्ये काहीतरी शोधण्याचं नाटक केलं. मग मध्यंतराला उठून घरी यायला लागले. उरलेला सिनेमा बसमध्ये मनाशी पुरा करायचा आणि लिहायचं, 'शेवट आम्हाला विशेष भावला.'

आम्हाला. हे 'आम्ही' नीट ऐका. सगळं सदर मी 'आम्ही' करून लिहिलं. आम्ही गेलो, आम्ही मागवलं, आमच्यात यावरून वाद झाला. वाचणाऱ्याला वाटावं, बाईच्या घरात चार माणसं आहेत आणि चौघंही चवीने खाणारी आहेत. हॉटेलांचं तर सांगायलाच नको. दारापर्यंत जायचे. वेटर विचारायचा, किती जण? मी म्हणायचे, पार्सल. घरी येईस्तोवर रश्श्यावर तवंग थिजलेला असायचा. ते ताटात ओतून टीव्हीसमोर खायचं आणि मग 'गरमागरम' असं लिहायचं. कादंबऱ्यांबद्दल मात्र मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. कादंबरीला एकच माणूस लागतं.

इथपर्यंतचं तुम्ही हसण्यावारी नेलंत तरी माझी हरकत नाही. याने कुणाचं काय बिघडलं? एका रिकाम्या बाईने थोडी शेखी मिरवली. एवढंच असतं तर मी हे सांगत बसले नसते.

मंदाबद्दल सांगायला हवं. मंदा गडबची. पेणच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. तिच्या घरची भातशेती होती, आजोबा मिठागरावर कामाला जायचे. तास बुडवून आम्ही सिनेमाला जायचो, आणि मध्यंतरात ती आख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायची. एकदा म्हणाली, "सुमे, या हिरोला आयशीनं नीट जेवायला नाय घातला गो, म्हणून तो झाडाभोवती फिरतोय." पुढच्या रांगेतला म्हातारा वळून हसला होता. आता खरं सांगायचं तर माझ्या सदरातलं जे लोकांना मजेशीर वाटायचं, ते निम्मं मंदाचंच होतं. मी फक्त शुद्ध करून लिहायचे.

लग्नानंतरही ती गडबलाच राहिली, आणि पुढे मुलाच्या मदतीने तिने हायवेच्या कडेला खानावळ टाकली. चार टेबलं, पुढे मांडव. हिवाळ्यात पोपटी लावायची ठरवली. तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगते. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ मडक्यात भरायचं, तळाला आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. जी काही जादू आहे ती त्या पाल्याच्या वासात. बांधावर आपोआप उगवणारं रानटी झुडूप आहे ते. त्याच्यावाचून पोपटी म्हणजे नुसत्या उकडलेल्या शेंगा, असं आमच्याकडचं लहान पोरही सांगेल.

मंदाचा फोन आला. "गो सुमे, रविवारी ये. उन्हं उतरली की पहिला मडका उघडणार हाय. तुला खिरकीजवलची जागा ठेवतंय. बसून खा नि मंग लिव." खिडकीजवळची जागा म्हणजे मांडवाच्या आत, जिथून मागचं शेत दिसतं ती. मी हो म्हटलं. हो म्हणताना मला खरोखर आनंद झाला होता. नवी साडी काढली होती.

बसने गडबच्या स्टॉपला उतरले. रस्ता ओलांडला की खानावळ. समोर मांडव भरलेला, गाड्या लागलेल्या, घरंच्या घरं आलेली. आजी, सुना, खुर्च्यांखालून पळणारी मुलं. मंदा मडक्यांपाशी पदर खोचून उभी होती, तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. आणि खिडकीजवळ एक टेबल रिकामं. त्यावर एकच ताट पालथं घातलेलं. एकच. त्या गर्दीत ते एक ताट मला असं काही दिसलं, की वाटलं, मी तिथे जाऊन बसले की सगळा मांडव माझ्याकडे बघेल. कोण बघणार होतं? लोक शेंगा सोलत होते. तरी मी रस्त्याच्या अलीकडेच उभी राहिले, आणि रोह्याची बस आली तेव्हा हात केला.

तिने मेसेज केला होता. 'ताट झाकून ठेवलंय. बस चुकली का गो?' मी उत्तर दिलं नाही. उद्या देऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी सदर द्यायचं होतं. तेव्हा मला वाटलं, न गेल्याची भरपाई करावी, असं झकास लिहावं की मंदा सगळं विसरेल. मग लिहिलं. कॉलेजात असताना तिच्या शेतावर खाल्लेल्या पोपटीची आठवण काढली आणि लिहिलं, की मडक्याचं तोंड उघडलं आणि भांबुर्ड्याच्या वासाने आम्ही घटकाभर बोलायचंच विसरलो. माझ्या मते ते मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं.

त्या रविवारी मंदाच्या पोपटीत भांबुर्डा नव्हता.

तिच्या शेताला लागून ज्या बांधावर तो उगवायचा, तिथे कुणीतरी प्लॉट पाडायला मातीचा भराव टाकला होता. मुलगा सकाळपासून हिंडला, पाला गावला नाही. तिने केळीच्या पानात पोपटी लावली आणि आलेल्या प्रत्येकाला तोंडाने सांगितलं, आज भांबुर्डा नाय, चालत असंल तर बसा. लोकही बसले. ती लपवून काही करणाऱ्यातली नव्हती. हे मला कळलं ते संपादकांच्या फोनवरून. नागोठण्याचे एक वाचक त्या दिवशी तिथे जेवले होते. त्यांनी विचारलं होतं, तुमच्या बाईंना वास आला कुठून? की मैत्रिणीकडे फुकट जेवून लिहितात?

आता ऐका. इतका वेळ मी ज्याच्याभोवती फिरतेय, ते हे. मला एवढंच म्हणायचं होतं — मी गेले नव्हते. तीन शब्द. सदर बंद झालं असतं, थोडं हसं झालं असतं, बाकावरच्या बायका आठवडाभर बोलल्या असत्या. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "छे, मी स्वतः खाल्लीय. पहिल्या मडक्यात भांबुर्डा होता. नंतरच्या गिऱ्हाइकांना तिने बिनपाल्याचं दिलं असेल, मला काय माहीत."

आवाजही चढवला होता थोडा. खोटं बोलताना मला कधीच अडखळायला होत नाही, खरं बोलताना बघा कशी थांबत थांबत बोलतेय.

संपादक सरळ माणूस. त्यांनी मंदालाही फोन केला. मग मला सांगितलं, त्या काही जास्त बोलल्या नाहीत, इतकंच म्हणाल्या की बाई सांगतात तसंच असंल. तिच्याकडे ते झाकलेलं ताट होतं, तिचा तो मेसेज होता, मडक्यांपाशी उभा राहिलेला मुलगा होता. 'ती आलीच नाय' एवढं ती बोलली असती तर मी संपले असते, आणि हे तिला ठाऊक होतं. ती नाही बोलली. मला वाटतं, मीच पुढे होऊन बोलेन याची ती वाट बघत होती. किती दिवस बघितली असेल?

पुढच्या अंकात चौकटीत खुलासा आला. आमच्या लेखिकेला अस्सल पोपटी मिळाली होती, इतरांचा अनुभव वेगळा असल्यास त्याला आम्ही जबाबदार नाही, अशा अर्थाचा. तो मी वाचला आणि चहा केला.

लोकांनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला. लिहिणाऱ्यांना एक, गिऱ्हाइकांना एक. बाकावरच्या एक बाई मलाच सांगत होत्या, त्या गडबच्या बाईकडे तोंड बघून वाढतात म्हणे. मी तिथेच बसले होते. पिशवीतल्या मटारच्या शेंगांकडे बघत होते. मंदाने त्याच हिवाळ्यात पोपटी बंद केली. बसमधून येता-जाता दिसायचं, रविवारी मांडव निम्मा रिकामा असायचा. बसमध्ये मी हटकून पलीकडच्या बाजूला बसायला लागले. तिचा फोन पुन्हा आला नाही, मीही केला नाही. सदर आणखी काही महिने चाललं, आणि मग डोळ्यांचं कारण सांगून मी ते सोडलं. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं.

माझ्याशी 'गो' म्हणून बोलणारं माणूस दुसरं कुणी नाही. हे मला आधी कळायला हवं होतं, पण माणूस असेपर्यंत त्याची सवय आहे हेच कळत नाही. फोनवर बँकवाले बोलतात, सिलेंडरवाला बोलतो. सगळे मॅडम म्हणतात.

गेल्या महिन्यात मी गडबला गेले. का गेले, ते नीट सांगता येणार नाही. माफी मागायचं पाठ केलं होतं, तेही खरं. भर दुपारची वेळ होती. मांडवात एक ट्रकवाला जेवून उठत होता, बाकी कुणी नाही. मी खिडकीजवळ जाऊन बसले. मागे जिथे बांध होता तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे.

मंदा स्वतःच आली. केस पांढरे झालेत, रंगवत नाही. माझ्याकडे तिने सरळ पाहिलं, अगदी नेहमीसारखं, ओळख न दाखवण्याचं वगैरे काही नाही. पाण्याचा पेला ठेवला आणि विचारलं, "काय देऊ मॅडम?"

पाठ केलेलं होतं ते सगळं होतं तिथेच, जिभेवर. मी म्हणाले, थाळी.

तिने थाळी आणून ठेवली आणि आत गेली. नंतर मुलगा येऊन भात हवा का विचारून गेला. ती पुन्हा बाहेर आली नाही. मी बिल दिलं, स्टॉपवर आले, बसमध्ये बसले. या वेळी खानावळीच्या बाजूला बसले, पण मांडवात कुणी दिसलं नाही.

त्या जेवणाबद्दल मी कुठे लिहिलेलं नाही, आता सदरही नाही. इथे लिहिते. तांदळाची भाकरी गरम होती, कडा मऊ. वालाच्या बिरड्यात गूळ माझ्या चवीला किंचित जास्त, पण वाल एकही फुटलेला नव्हता. सोलकढी ताजी होती. पोपटी आता लावत नाहीत. भांबुर्ड्याचा वास आला नाही. जेवायला मी एकटी होते.