कोस्टारिकेच्या दराने मोजलेला गुडा

कोस्टारिका हे नाव कुठे कानावर पडलं की मी आजही विषय बदलतो. त्यात त्या देशाचा काही दोष नाही. देश चांगलाच असावा. मी तिथे कधी गेलो नाही, जाणारही नाही. पण तरुणपणी त्या देशाच्या जोरावर मी जो शहाणपणा मिरवला, तो आठवला की स्वतःच्याच कानाखाली एक द्यावीशी वाटते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी नार्नूरकडच्या एका मराठी शाळेत भूगोलाचा मास्तर म्हणून लागलो. आमचं घर आदिलाबाद शहरातलं. वडील तहसीलमध्ये कारकून, दोन्ही काका बँकेत, शेतीवाडी केव्हाच सुटलेली. जंगलपट्टीत नेमणूक झाल्याचं कळलं तेव्हा आईने देवापुढे दिवा लावला आणि वडिलांनी मलेरियाच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. मी मात्र ट्रंकेत सगळ्यात वर कोस्टारिकेचा तक्ता ठेवला होता.

त्याचं असं झालं, की बी.एड.ला असताना माझा परीक्षेचा पाठ त्या देशावर होता. कॉलेजच्या वाचनालयातल्या एका जुन्या कोशात तो मला सापडला. मध्य अमेरिकेतला चिमुकला देश, दोन्ही बाजूंना समुद्र, लोक स्पॅनिश बोलणारे. पस्तीस मिनिटांच्या तासात बरोबर मावेल एवढाच. लोकसंख्या, शासन, अर्थव्यवस्था असे तीन मथळे मी तीन रंगांत रंगवले. तपासायला आलेल्या प्राध्यापकांनी 'उत्तम' असा शेरा दिला आणि तो माझ्या डोक्यात गेला. पुढे तीन वर्षं मी तो देश सातवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना शिकवला. पुस्तकात होता की नव्हता, याची मला पर्वा नव्हती. पोरं घडाघडा म्हणायची: कॉफी, केळी, दर चार वर्षांनी निवडणूक, सैन्य नाही. सैन्य नाही म्हटल्यावर एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला होता, "मंग पोलीस तरी हाये का नाई?" मी त्या पोराला उभं केलं आणि तासभर उभंच ठेवलं.

शाळेत गणिताचे एक थोरले मास्तर होते. निवृत्तीला आलेले, गावातच घर बांधून राहिलेले, दिवसभर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. ते बोलायला लागले की समोरच्याने दोन पावलं मागे सरायचं, असा आमच्या शाळेचा अलिखित नियम होता. शिक्षकांच्या खोलीचा एक कोपरा त्यांनी थुंकून थुंकून विटकरी करून टाकला होता. मला त्यांची किळस यायची. त्यांच्या शेजारी बसून डबा खाणं मी शक्यतो टाळायचो. मी स्वच्छ, मी शहरातला, मी सूत्रांनी विचार करणारा, असा माझा समज होता.

थंडीच्या दिवसांत एकदा मी नववीला कोस्टारिका शिकवत असताना दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोंगरावरच्या कोलाम आदिवासींच्या गुड्याचा तो नाईक होता. गुडा म्हणजे आमच्याकडची जंगलातली छोटी वस्ती, आणि नाईक म्हणजे तिचा मुखिया. साठीचा असेल. चप्पल बाहेर काढून, डोक्याचा पटका हातात घेऊन तो तास संपेपर्यंत भिंतीला टेकून ऐकत राहिला. मग आत येऊन त्याने तक्त्यावर बोट ठेवलं.

"मास्तर, ह्या देशातले मानसं कोनं मोजले?"

"त्यांच्या सरकारने," मी म्हणालो.

"मंग आमाले मोजाले कधी येता?"

शिरगणती तोंडावर आली होती आणि गावोगावच्या मास्तरांना ते काम नेमून दिलेलं होतं. त्याचा गुडा थोरल्या मास्तरांच्या आणि माझ्या वाट्याला आला होता, हे त्याला कुठून तरी कळलं होतं. त्याला घाई होती आणि घाईचं कारण त्याने सरळ सांगितलं. उटनूरच्या दफ्तरातला साहेब त्याला म्हणाला होता, की कागदावर अडीचशे डोकी भरली तर गुड्याला बोअर मिळेल. तोवर गुडा झिऱ्याचं पाणी पीत होता. झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत हाताने उकरलेला खड्डा.

"खालचे दहा-बारा घरं तलावात जागा गेली म्हनून वर आले आमच्यात," तो म्हणाला. "आता भरते आमचा आकडा. मी मोजून आनलं."

त्याने पटक्यात बांधून आणलेली एक पुरचुंडी सोडली. आत फडक्याच्या पन्नासेक लहान लहान गाठी होत्या, घरटी एक. प्रत्येक गाठीत घरातल्या मोठ्या माणसागणिक एक ज्वारीचा दाणा आणि लेकरागणिक एक मुगाचा. गुड्यात पूजेची वर्गणी धरायची असली की ते असंच मोजत. दारोदार जाऊन घरच्या बाईच्या हातून दाणे घ्यायचे, कारण घरात नक्की किती तोंडं आहेत हे तिलाच ठाऊक असतं. पोटातलं लेकरू मोजायचं नाही आणि पाहुणा मोजायचा नाही.

"बारा विसा न वर सतरा," नाईक म्हणाला. म्हणजे दोनशे सत्तावन्न.

मी पुरचुंडी घेतली. वर्गातली दोन-चार पोरं फिदीफिदी हसत होती आणि मला वाटतं मीही हसलो. येतो म्हणालो, नक्की येतो.

आम्ही गेलो नाही. थोरल्या मास्तरांनी मला एका रविवारी घरी बोलावलं. ओट्यावर सतरंजी टाकलेली होती, कडेला पिकदाणी होती, कोरे फॉर्म मांडून ठेवले होते आणि आतून मटणाचा वास येत होता. "काऊन चढता त्या डोंगरावर?" ते म्हणाले. "मागच्या खेपीची यादी हाये माह्यापाशी. तिच्यावरच उतरवून टाकू. मी सारी नोकरी असंच करून राह्यलो, कोनी विचारलं नाई."

मला वाईट वाटलं, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मला हायसं वाटलं. सहा कोस चढउतार, उन्हाचा तडाखा, अनोळखी घरांत वाकून शिरणं, यातलं काहीच मला नको होतं. मी बूट काढले आणि मांडी घालून बसलो.

मागच्या यादीत एकशे ब्याऐंशी माणसं होती. दहा वर्षांत ती किती झाली असतील, हा प्रश्न आला. थोरले मास्तर म्हणाले, टाका अंदाजाने. तेव्हा माझ्यातला भूगोलाचा पंडित जागा झाला. अंदाज कशाला, म्हणालो, लोकसंख्यावाढीचं सूत्र असतं. दर माहीत असला की झालं. आणि मला पाठ असलेला दर जगात एकाच देशाचा होता. आपल्या देशाचा मला आठवत नव्हता, जिल्ह्याचा मी कधी पाहिलाच नव्हता. डोंगरावरच्या कोलामांना मी कोस्टारिकेच्या दराने वाढवलं. उत्तर आलं दोनशे अडतीस. मी ते दोनदा पडताळून पाहिलं. गणितात चूक नव्हती.

थोरल्या मास्तरांनी आकडा पाहिला. खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. "तो नाईक बोअरचं म्हनून राह्यला होता न? टाका अजून बारा वर. आपल्या बापाचं काय जाते?"

त्या वेळी मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि त्या ओट्यावरच्या पिकदाणीपेक्षाही त्याची मला जास्त किळस येते. मी म्हणालो, "नाही सर. खोटं कसं लिहायचं? शास्त्र काही आहे की नाही?"

"मंग त्याचे दाने तरी मोजा," ते म्हणाले.

"दाण्यांवर शिरगणती होत नसते," मी म्हणालो.

पुरचुंडी माझ्या पिशवीतच होती. ती मी बाहेर काढून ओट्याच्या कडेला ठेवली होती, कारण फॉर्मांना जागा हवी होती. जुन्या यादीतल्या म्हाताऱ्यांना आम्ही मारत गेलो. लग्नं लावली, पोरं जन्माला घातली. नावं संपली तेव्हा थोरल्या मास्तरांनी आपल्या साळ्यांची आणि भाच्यांची घातली. "मुलगे लई झाले, एखादी पोरगी करा," ते म्हणत आणि मी पोरगी करत होतो. मधे ताटं आली. तेलकट बोटांनी मी एका घरात जुळी लिहिली. त्यावर आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

हात धुवायला उठलो तेव्हा कोंबड्या ओट्यावर आल्या होत्या. फडक्याच्या गाठी चोचीने ओढून सोडवत होत्या, एकेक घर. मी पाहत उभा राहिलो. हाताला साबण लागलेला होता, म्हणून मी त्यांना हाकललंही नाही. फॉर्मांवर खाली सही माझी होती, कारण थोरल्या मास्तरांचं अक्षर वाईट होतं.

एक प्रत मंडलच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या, ऑफिसात गेली आणि तिथून उटनूरला. उन्हाळ्यात बोअरची गाडी आली, आमच्या शाळेवरून धुरळा उडवत गेली आणि दुसऱ्याच वस्तीत उभी राहिली. मी तो धुरळा खिडकीतून पाहिला आणि खिडकी लावून घेतली. पुढे पावसाळा लागला. त्या गुड्यातून आमच्या शाळेत सहा पोरं खाली यायची. ती श्रावणात यायची बंद झाली, पोळा होऊन गेला तरी आली नाहीत. पट घसरला तर एक जागा कमी होईल, या धास्तीने हेडमास्तरांनी मला वर जाऊन पोरं घेऊन यायला सांगितलं. मी गेलो ते पोरांच्या काळजीने नव्हे, हेही लिहून ठेवतो.

वाट झिऱ्यावरून जाते. वाळूतला खड्डा गुडघाभर खोल होता. पावसाने वरच्या रानातला सगळा राडा त्यात आणून सोडला होता. पाण्यावर हिरवट साय धरली होती, कडेला जनावरांचे खूर उमटले होते आणि शेणाचे पो अर्धे पाण्यात अर्धे बाहेर होते. एक बाई नारळाच्या करवंटीने ती साय बाजूला सारून खालचं पाणी घागरीत भरत होती. मी नाकाला रुमाल लावला. तिने मला पाहून वाट मोकळी करून दिली.

गुड्यात फार आवाज नव्हता. नाईक आपल्या दारात बसला होता. मला पाहून तो उठला, बाज ओढली, बसा म्हणाला. शाळेत येणाऱ्या सहांपैकी चार पोरं त्याने हाका मारून माझ्यासमोर उभी केली. उरलेली दोन कुठे आहेत असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ते नाई आता."

हगवण-उलटी आली होती. पहिल्या आठवड्यात म्हातारी माणसं गेली, मग लेकरं. नाल्याला पूर होता, म्हणून खाली कुणाला कळवता आलं नाही. त्याची सूनही गेली होती. हे सगळं तो मला हिशोब दिल्यासारखा सांगत होता, आवाज न चढवता. तो शिव्या देईल, काठी उचलेल, निदान थुंकेल, अशी मी वाट पाहत होतो. तसं काही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"उटनूरले गेलतो उन्हाळ्यात," तो म्हणाला. "सायबानं कागद दाखवला. दोनशे अडतीस. म्या म्हनलं, आमी जास्त हावोत. सायब म्हने, मास्तरानं घरोघर जाऊन मोजलं, दस्तखत हाये त्याचा." त्याने बाजेची सैल दोरी आत खोचली. "म्या म्हनलं, मंग मास्तर येऊन गेला असन, मी रानात असन तवा."

 त्याने घरात जाऊन पितळेच्या तांब्यात पाणी आणलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मी तांब्या घेतला. आतलं पाणी गढूळ होतं.

"मास्तर, एक काम होतं तुमच्यापाशी," तो म्हणाला. "एकवीस मानसं गेले. आता आमी बारा विसाले चार कमी, दोनशे छत्तीस. तुमच्या कागदावर दोन जास्त हायेत. तेवढे खोडून टाका. उद्या कोनी मोजाले आलं त आमी खोटे पडू."

मी खोडतो म्हणालो. मग तांब्या न पिता खाली ठेवला आणि चार पोरांना पुढे घालून डोंगर उतरलो.