प्रमिलाबाईंचा पोहण्याचा पोशाख

प्रमिलाबाई धुळ्यात शिक्षिका होत्या. माहेर सोनगीरचं. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत त्या भावांच्या बरोबरीने उड्या मारायच्या. लग्नानंतर पोहणं सुटलं आणि अंग वाढत गेलं. पंचेचाळिशीत गुडघे इतके दुखू लागले, की फळ्यावर लिहितानाही त्यांना टेबलाचा आधार लागे. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं.

१९९० साल होतं. शहरातल्या पोहण्याच्या तलावावर बायकांसाठी सकाळची वेळ नुकतीच सुरू झाली होती. अट एकच, साडी किंवा पंजाबी ड्रेसवर पाण्यात उतरायचं नाही, पोहण्याचा पोशाखच हवा. बाई आग्रा रोडवरची दुकानं हिंडल्या. सगळ्यात मोठा पोशाखही त्यांच्या मांडीवरच अडकला. पती बन्सीलाल म्हणाले, नाद सोड, गोळ्या चालू ठेव.

बाईंनी घरच्या मशीनवर बनियनच्या कापडाचा पोशाख शिवला. तो पाण्यात भिजला आणि गुडघ्यांपर्यंत लोंबला. काठावरच्या दोघी-तिघी तोंड फिरवून हसल्या. बाई घरी येऊन दार लावून रडल्या. मग तोंड धुऊन शाळेत गेल्या.

थोराड अंगाच्या माणसांचे कपडे शिवणारं गावात कोणीतरी असणारच, हे डोक्यात घेऊन त्या शोधत राहिल्या. शेवटी तानुबाईंच्या दुकानात पोचल्या. तानुबाई आणि त्यांचे यजमान पहिलवानांचे आणि कबड्डीच्या संघांचे कपडे शिवत. बायकांचं असलं काही आपण कधी शिवलं नाही, असं तानुबाई संकोचून म्हणाल्या.

"पहिलवानाच्या अंगाचं शिवता ना? मग माझंही माप घ्या," बाई म्हणाल्या.

तानुबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि टेप उचलली. "घेसू ना, बाई. पन कापड सुरतनं लागी."

दिवाळीच्या सुट्टीत बाई एस.टी.ने सुरतेला गेल्या आणि ताणलं जाणारं जाड नायलॉन घेऊन आल्या. पहिला पोशाख हात वर करताच काखेत उसवला. तानुबाईंनी तिथे जादा कापडाची कळी घातली. दुसरा पोटावर गोळा होत होता. तिसरा नीट बसला, गडद निळा, अर्ध्या बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत.

तलावावर त्याच बायका होत्या. बाई शिडी उतरल्या, पाण्यात तोंड घातलं आणि हात मारला. इतक्या वर्षांनी अंगाला हलकं वाटलं. पलीकडच्या भिंतीला हात लागला तेव्हा त्या धापा टाकत होत्या, पण थांबल्या नाहीत, तशाच परत फिरल्या.

कपडे बदलताना, हसलेल्यांपैकीच एका स्थूल बाईने पोशाख कुठे शिवला ते हळूच विचारलं. सांगू नये, असं क्षणभर बाईंच्या मनात आलं. मग त्यांनी तानुबाईंचा पत्ता दिला.

त्यानंतर गिऱ्हाइकं वाढत गेली. पोशाखांबरोबर सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांच्या ढगळ विजारी आल्या, पुढे जळगावकडूनही मागणी येऊ लागली. शाळा सुटल्यावर बाई दुकानात बसू लागल्या, कुणाला कुठे काचतं ते विचारून तानुबाईंना सांगू लागल्या.

एकदा नशिराबादच्या द्रौपदाबाई आपल्या लेकीला घेऊन आल्या. मुलगी गोळाफेक करायची, अंगाने भक्कम. बाजारातली विजार वाकताना फाटते, म्हणून ती मैदानावर जायला तयार नव्हती. तानुबाईंनी शिवलेली नवी विजार घालून मुलगी दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत गेली. खाली बसली, उठली, गिरकी घेऊन रिकामा हात जोरात फेकला. शिवण कुठे ताणली नाही. आत येऊन तिने विचारलं, "अशीच एक लाल मिळेल का?"